पाणी निवळेपर्यंत

लहान मुलाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, म्हटलं की घरातली सगळी माणसं नळीला घाबरतात. केवढी असते, कुठून घालतात, दुखतं का, पोरगी रडेल का. आमच्याकडेही तेच झालं. पण नळी आत जाते तेव्हा मूल भूल देऊन झोपवलेलं असतं, त्याला काही कळत नाही. मूल जागं असताना, रुसत-फुगत, हट्ट करत जे पार पाडायचं असतं ते सगळं त्याच्या आधीच्या दिवसांत, आणि ते डॉक्टर करत नाहीत, घरातले करतात. आतडं धुऊन स्वच्छ करणं हे ते काम. त्याबद्दल मला कुणी सविस्तर सांगणारं भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. लेक पाच वर्षांची. शी झाल्यावर शेवटी लालभडक रक्त दिसायचं, कधी थेंब, कधी शीला चिकटलेली रेघ. दुखत मात्र काही नव्हतं. सासूबाईंनी उष्णता ठरवून सब्जा आणि गुलकंद सुरू केला. शेजारच्या काकूंनी मूळव्याध ठरवली आणि एका वैदूचा पत्ताही दिला. बालरोगतज्ज्ञांनी मात्र ऐकताक्षणी मान हलवली. एवढ्या लहान वयात मूळव्याध फार क्वचित, न दुखता असं लाल रक्त जात असेल तर बहुतेक वेळा आतड्यात पॉलिप असतो, असं त्या म्हणाल्या. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर देठानं लोंबणारी मांसाची गाठ. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत हा प्रकार बराच दिसतो, बहुधा एकच असतो, गुदद्वारापासून फार लांब नसतो आणि साधा असतो. कॅन्सर हा शब्द आमच्या तोंडावर आला होता पण विचारायचा धीर नव्हता, तो त्यांनी आपणहून काढला आणि बाजूला ठेवला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन उतरलेलं. लोहाचं सिरप दिलं आणि मिरजेला पाठवलं.

मिरजेला दवाखान्यासाठी जायचं हे आमच्या भागात आजे-पणज्यांपासून चालत आलंय. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच काय, कर्नाटकातूनही माणसं येतात. आम्ही गेलो ते हॉस्पिटल वेगळं, तिथं लहान मुलांचे पोटविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की त्याच दुर्बिणीतून तार घालून गाठ काढता येईल, पोट फाडायची गरज नाही. मग म्हणाले, "माझं काम अर्ध्या तासाचं. पण आत घाण राहिली तर मला काही दिसणार नाही. मग पुन्हा तारीख, पुन्हा भूल." हे वाक्य आमच्या ह्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

काउंटरवर छापील कागद मिळाला. तो मोठ्या माणसांसाठी होता: काळा चहा, काळी कॉफी, गाळलेलं सूप, आतडं धुवायचं २ लिटर औषध दोन तासांत. पाच वर्षांचं पोर काळी कॉफी पिणार? मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर त्यांनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या लेकीचं वजन लिहिलं आणि त्यावरून सगळं नव्यानं लिहून दिलं. लहान मुलाचा डोस वयावर नसतो, वजनावर असतो. ह्यांना ते पटकन समजलं, कारण बागेत फवारणीचं औषधही लिटरला किती मिली असंच मोजून घालतात, अंदाजानं कोण घालत नाही. तुम्हाला छापील कागद मिळाला तर तो घेऊन गप्प घरी येऊ नका. मुलाच्या वजनाला किती, किती वेळात, हे हातानं लिहून घ्या.

आता जी गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती ती सांगते. डॉक्टरांनी लेकीचं पोट दाबलं आणि डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. शी साठून घट्ट झाली होती. रक्त दिसायला लागल्यापासून पोरगी घाबरून शी रोखून धरायची, पाय आवळून कोपऱ्यात उभी राहायची. आम्हाला वाटायचं खेळतीय. अशी साठलेली शी असताना आदल्या दिवशीचं औषध दिलं तर पाणी बाजूनं निघून जातं आणि गोळे जागेवर राहतात. शिवाय पोट फुगतं, उलट्या होतात. म्हणून तारीख पुढची घेतली आणि आधी रोज रात्री शी मऊ करणारी पावडर सुरू केली. जेवणानंतर थोडा वेळ कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट ठेवायचा म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर नीट लागतो. घाई करायची नाही, रक्त दिसलं तर ओरडायचं नाही. सासूबाईंना हे शेवटचं फार जड गेलं. त्या दारातूनच "आलं का गं, आलं का" विचारायच्या आणि पोरगी पुन्हा आवळून बसायची. शेवटी आज्जीला त्या वेळेपुरतं अंगणात बसवायचं ठरलं.

माझ्या मते खरी तयारी हीच. चालत्या आतड्याला स्वच्छ करणं सोपं असतं.

लोहाचं सिरप तारखेच्या आठवडाभर आधी बंद केलं, कारण त्यानं शी काळी आणि चिकट होते आणि आतड्याला लेप बसतो. ते बंद करा असं सांगितलं नाही तर विचारा.

शेवटच्या तीन दिवसांत स्वयंपाकघर उलटं-पालटं झालं. आपल्याकडं पोट साफ व्हायचं म्हणजे शाळूची भाकरी, मेथी, काकडी, कोंड्यासकट गव्हाची चपाती. डॉक्टरांनी नेमकं हेच बंद केलं. पांढरा भात, गाळलेलं वरण, पांढरा ब्रेड, साल काढून उकडून कुस्करलेला बटाटा, साखर घातलेलं दही, हे चालेल. भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, टोमॅटोच्या बिया, सब्जा, फळांची सालं नको. चोथा मागं राहतो, आणि बिया तर दुर्बिणीच्या आतल्या बारीक नळीत जाऊन अडकतात, मग शोषून घेता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मैदा खाऊन कुणाचं पोट साफ हुतंय व्हय? हे काय डॉक्टर हाय का कोण हाय?" त्यांचा मुद्दा एरवीसाठी अगदी बरोबर आहे. ह्या तीन दिवसांत शी तयारच कमी व्हायला हवी असते, एवढाच फरक.

आणि बेदाणे. आमच्या घरात बेदाणा डब्यात नसतो, तो सगळीकडं असतो. शेडवर, पोत्यात, सोफ्याच्या फटीत, पोरांच्या खिशात. बेदाण्याची साल पचत नाही, तशीच्या तशी खाली येते. लेकीच्या फ्रॉकचे खिसे मी रोज सकाळी उलटे करत होते. गड्यांनाही सांगून ठेवलं की छोटीनं मागितलं तर द्यायचं नाही, तरी एकानं लाडानं मूठभर दिलेच. ते पहिल्याच दिवशी घडलं म्हणून निभावलं. मग मात्र आम्ही ठरवलं की आदला दिवस तासगावला काढायचा नाही.

त्याला दुसरंही कारण होतं. तासगावाहून मिरजेपर्यंत सकाळी गाडीत बसवायचं, आणि पोटात औषध. रस्त्यात कुठं थांबणार? माझी नणंद सांगलीत विश्रामबागला राहते, तिथून हॉस्पिटल जवळ. आदल्या दिवशी सकाळीच तिथं जाऊन राहिलो. ज्यांचं घर लांब आहे त्यांनी हॉस्पिटलजवळ कुणाचं घर असेल तर खुशाल जावं, संकोच करू नये, पण त्या घरात मोकळा संडास हवा. नसेल तर आदल्या दिवशीच ॲडमिट व्हावं. फार लहान मूल असेल, अशक्त असेल किंवा आधीपासून दुसरा काही आजार असेल तर डॉक्टर स्वतःच ॲडमिट करून घेतात.

त्या दिवशी सकाळपासून फक्त आरपार दिसणारी पेयं. दूध नाही, ताक नाही. आमच्या यादीत होतं नारळपाणी, भाताची गाळलेली पेज, वरणावरचं निवळ मीठ घालून, लिंबू सरबत गाळून, साखरपाणी. लाल, जांभळ्या रंगाचं काही नाही, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो. कोकम सरबत त्यामुळं बाद. साखर मुद्दाम द्यायची, कारण लहान मुलाच्या अंगात साठा कमी असतो, उपाशीपोटी साखर पटकन उतरते. मोठ्या माणसासारखं नुसत्या पाण्यावर त्याला ठेवायचं नाही. दर थोड्या वेळानं गोड काहीतरी पोटात जात राहिलं पाहिजे आणि लघवी होत राहिली पाहिजे. खडीसाखर चघळायला चालते म्हणून विचारून घेतलं होतं, तिनं दुपार तरून गेली.

नणंदेनं सकाळीच जाहीर केलं, "आज ह्या घरात फोडणी नाही." हे मला सुचलं नसतं. उपाशी पोराला मोहरी-कढीपत्त्याचा वास म्हणजे छळ. घरातल्यांनी गॅलरीत जाऊन भडंग खाल्लं. पण भडंगाचा आवाज होतो. लेक आतून ओरडली, "आत्या, तुम्ही काय खायलाय?" मग तेही बंद. सासूबाईंनी तर लेकीबरोबर उपासच धरला आणि संध्याकाळी सांगलीच्या गणपतीला जाऊन आल्या.

संध्याकाळी पाचला औषध. पावडरचं मोठं पाकीट २ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं, सगळी पावडर विरघळली पाहिजे. आमच्या लेकीला त्यातलं सगळं नको होतं, वजनानुसार साधारण १२०० मिली, त्यातलं ८०० संध्याकाळी आणि बाकीचं पहाटे. असं दोन भागांत विभागलं तर आतडं जास्त स्वच्छ राहतं, कारण रात्रीतून वरच्या बाजूनं पुन्हा पिवळट चिकट पाझर खाली येतो, तो पहाटेच्या भागानं धुतला जातो. हे आकडे आमच्या लेकीचे आहेत, तुमच्या मुलाचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

चव खारट. फ्रिजमध्ये गार केलं की बरीच मरते. स्ट्रॉनं प्यायलं की जिभेवर कमी पसरतं, मध्येच लिंबाचं साल हुंगायला द्यायचं. सासूबाई चमचाभर साखर घेऊन आल्या, "खारट लागतंय लेकराला, घाल की थोडी." मी हॉस्पिटलच्या सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आज्जी, साखर वेगळी द्या, ह्यात नको." कारण ऐकलं तेव्हा मला फार पटलं. जुलाब लागले की आपण मीठ-साखर-पाणी देतो ते अशासाठी की साखरेच्या जोडीनं मीठ आणि पाणी अंगात शोषलं जावं. इथं पाणी शोषलं जायलाच नको. हे औषध अंगात जवळजवळ जातच नाही, पाणी धरून ठेवतं आणि सगळं घेऊन खाली उतरतं. त्यात क्षार घातलेले असतात ते रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊ नये म्हणून. म्हणून ते खारट, आणि म्हणून त्याच्याशी खेळायचं नाही.

पहिला पेला गेला. दुसऱ्याला तिनं दात आवळले. "मी एकटीच का पिऊ?" हा प्रश्न खरं तर रास्त होता. ह्यांनी तेवढ्याच मापाचा पेला पाण्यानं भरला आणि तिच्याबरोबर प्यायला लागले. मग तिचा नियम झाला: पप्पांनी संपवल्याशिवाय ती संपवणार नाही, आणि पप्पांचा पेला ती भरणार. फुलपात्र अगदी काठोकाठ भरून द्यायची. रात्री साडेआठपर्यंत संडासासाठी बाप-लेकीचं भांडण लागलं होतं.

एक गोष्ट आम्ही कटाक्षानं टाळली. मूल प्यालं नाही तर नाकातून बारीक नळी घालून औषध सोडतात, हे आम्हाला माहीत होतं. त्याची धमकी द्यायचा मोह अर्ध्या घराला झाला, शेजारच्या एका बाईंनी तर दिलीच असती. पण समजा उद्या खरंच ती नळी घालावी लागली तर? मग ती शिक्षाच वाटेल. नळी हा दुसरा रस्ता आहे, त्यात कमीपणा काही नाही, आणि कित्येक लहान मुलांना तोच सोपा जातो.

मध्येच एकदा भडाभडा उलटी झाली. सिस्टरना फोन केला. अर्धा तास थांबा, मग निम्म्या मापानं, जास्त अंतरानं द्या, म्हणाल्या. उलटीचं औषध आधीच लिहून दिलेलं होतं. पोट टम्म फुगलं, उलटी थांबेना, मूल मलूल झालं किंवा लघवी बंद झाली तर घरी प्रयोग न करता थेट घेऊन या, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं "एनिमा देऊन टाका, लगेच साफ" म्हणून डबी पुढं केली होती, ती घेतली नाही. त्यातला एक प्रकार फॉस्फेटचा असतो आणि लहान अंगात तो क्षार बिघडवू शकतो. डॉक्टरांनी लिहिला असेल तरच, आणि त्यांनी लिहिलेलाच.

शी सुरू व्हायला तासाभराच्या वर लागला. तोवर आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसलेलो. मग एकदा सुरू झाली ती झालीच. आधी गोळे, मग चिखल, मग तपकिरी पाणी, त्यात कण. डायपर घालू का विचारल्यावर, "मी काय बाळ हाय व्हय?" पाच वर्षांच्या मुलीला मान असतो. प्लास्टिकची पॉटी पलंगाशेजारी ठेवली आणि झोपताना "फक्त रात्रीची चड्डी" म्हणून डायपर घातला, तेवढी तडजोड तिनं मान्य केली.

जागा लाल होते, हे धरूनच चालायचं. पहिल्या शीच्या आधीच जाड व्हॅसलिन लावून ठेवलं. चुरचुरायला लागल्यावर लावलं तर हात लावू देत नाहीत. प्रत्येक वेळी कोमट पाणी, आणि पुसायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं नुसतं टिपायचं.

पहाटे पाचला उठवणं हा सगळ्यात वाईट भाग. झोपेतल्या पोराला खारट पाणी. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "पप्पा उठले?" ते उठलेच होते.

सात-साडेसातला पाणी निवळलं. खूण अशी की पिवळसर आरपार, लघवीसारखं, तळाशी काही नाही. रंग पिवळा राहिला तर चालतो, गढूळ चालत नाही. सिस्टरनी फोटो मागितला होता, कारण "साफ झालंय" असं प्रत्येक घर सांगतं. ह्यांच्या मोबाईलमध्ये द्राक्षघडांच्या फोटोंच्या रांगेत पॉटीचे फोटो आले, व्यापाऱ्याला घड दाखवताना अजून मध्येच निघतात. भुलेच्या दोन तास आधी सगळं पिणं बंद, अगदी पाणीसुद्धा. ही वेळ लिहून ठेवली होती, आणि भूलतज्ज्ञांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरा प्रश्न, दात हलतोय का? हलत होता.

सलाईनची सुई लावताना ती रडली, सगळ्या प्रकरणात खरं रडणं तेवढंच. बोटातून साखर तपासली, ठीक होती. मग आत नेलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आधी आतड्याचं सांगितलं, गाठीचं नंतर. स्वच्छता मोजायला बोस्टन स्केल म्हणून एक माप असतं. मोठ्या आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ९. आमच्या लेकीला ८. ह्यांनी ते गावभर सांगितलं, जणू स्कॉलरशिपचा निकाल. सगळं आतडं शेवटपर्यंत बघता आलं, गाठ एकच होती, देठ तारेनं जाळून काढली आणि तपासणीला पाठवली. संध्याकाळपर्यंत पोटातला वारा सुटत होता, लेकीला त्याचं भयंकर हसू येत होतं. पहिलं खाणं दहीभात मिळाला, तिनं मागितले बेदाणे.

रिपोर्ट ज्युवेनाइल पॉलिप असा आला, म्हणजे साधा, लहान मुलांत होतो तोच. पुढचे दोन आठवडे शीवर लक्ष ठेवायला सांगितलं. जिथं देठ जाळलं तिथली खपली पडताना थोडं रक्त येऊ शकतं, जास्त आलं तर लगेच यायचं. आलं नाही. लोहाचं सिरप पुन्हा सुरू झालं. शी मऊ ठेवणारी पावडर मात्र डॉक्टरांनी एकदम बंद केली नाही, हळूहळू कमी करत नेली, कारण रोखून धरायची सवय गाठीबरोबर निघून जात नाही. पाट अजून संडासात आहे आणि जेवणानंतर ती आपणहून जाऊन बसते. आज्जीला दारात उभं राहायची परवानगी नाही.